हार्ट व्हॉल्वच्या ऑपरेशनआधीचं काउन्सेलिंग, ५ पैकी ४ स्टार

बाबा ६८ वर्षांचे, एओर्टिक व्हॉल्व बदलायचा होता. आधीच्या हॉस्पिटलमध्ये (नाव देत नाही) टिश्यू व्हॉल्व टाकू म्हणाले, आम्ही सह्या पण केल्या, आणि आदल्या रात्री बाबांना कळलं की टिश्यू म्हणजे डुकराचा व्हॉल्व नाहीतर गाईच्या हृदयाभोवतीच्या आवरणापासून बनवलेला. जन्मात मांसाला हात न लावलेला माणूस, उठून बसले आणि म्हणाले मला घरी न्या. एक जण त्यांना म्हणाला, काका जीव वाचवायचाय की धर्म. त्यानंतर बाबा तिथे कुणाशी बोललेच नाहीत.

दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये ऑपरेशनआधी वेगळं काउन्सेलिंग होतं, हा रिव्ह्यू त्याचाच. मॅडमनी रिपोर्ट उघडायच्या आधी विचारलं, "काका, तुमच्या श्रद्धेत न बसणारं काही आहे का, औषधात, रक्तात, कशातही?" बाबांचा चेहराच बदलला हो. मग सगळं सांगितलं, की मेटलचा व्हॉल्व बहुतेकदा आयुष्यभर टिकतो पण रक्त पातळ ठेवायची गोळी कायम घ्यावी लागते आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा, तपासत राहावं लागतं, टिश्यूचा साधारण १० ते १५ वर्षं, पण ती गोळी सहसा जन्मभर लागत नाही. बाबांनी विचारलं त्यात जनावराच्या जिवंत पेशी असतात का, तर नाही, केमिकलची प्रक्रिया केलेली असते. आणि एक गोष्ट त्यांनी लपवली नाही याचं मला फार वाटतं, ऑपरेशनमध्ये हार्ट लंग मशीनवर (जे तेवढा वेळ हृदय-फुफ्फुसांचं काम करतं) रक्त गोठू नये म्हणून हेपरिन द्यावं लागतं आणि ते सहसा डुकराच्या आतड्यापासून बनतं. बाबा बराच वेळ गप्प. मग त्यांच्या गुरुजींना फोन लावायचा म्हणाले, मॅडम म्हणाल्या लावा ना, मी थांबते. गुरुजी म्हणाले जिवावर बेतलंय तिथे औषधाला दोष नाही.

बाबांनी मेटलचा घेतला. डॉक्टरांना या वयात टिश्यूचाच बरा वाटत होता, मलाही, पण पूर्ण समजून घेतलेला निर्णय होता आणि या वेळी बाबा स्वतःच्या पायाने थिएटरकडे निघाले, स्ट्रेचर तरी दिलाच त्यांना.

एक स्टार कापला कारण उपवासाबद्दल विचारलंच नाही. वॉरफरिन, म्हणजे तीच रक्त पातळ ठेवायची गोळी, चालू असताना खाणं एकदम बदललं की आयएनआर हलतो, बाबांनी सवयीप्रमाणे कडक उपवास केला आणि त्या आठवड्यात आकडा बराच वर गेला, डोस बदलावा लागला. तुमच्या घरी कुणी उपवास करत असेल तर तुम्हीच आधी सांगा.