माजघरातला स्टुडिओ : चौदा महिने, दोन पावसाळे

आमच्या बाबांच्या भजनांच्या एकोणीस कॅसेट होत्या. १९८८ पासूनच्या. लोखंडी पेटीत नीट कागदात गुंडाळून ठेवलेल्या. दोन वर्षांपूर्वी पेटी उघडली तेव्हा अकरा कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी चढलेली होती. उरलेल्या आठांतल्या तीनच धड वाजल्या. बाबा आता एकाहत्तर वर्षांचे आहेत, आवाज अजून काळी दोनमध्ये खणखणीत लागतो. तो लागतोय तोवर घरीच नीट रेकॉर्ड करायचा, एवढ्यासाठी हा सगळा घाट घातला. गेल्या जूनमध्ये सामान आणलं, आज ऑगस्ट आहे. पुण्या-मुंबईतल्या लोकांनी लिहिलेले अनुभव मी खूप वाचले होते. आमच्या वेंगुर्ल्याकडच्या हवेत काय होतं ते कुणी लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून हे सविस्तर.

सामान थोडकंच. १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडीचा लॅपटॉप, फोकसराइट स्कार्लेट २आय२ ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी छोटी पेटी), गाण्यासाठी शुअर एसएम५८, बाकी वाद्यांसाठी एक मध्यम किमतीचा कंडेन्सर माइक, कान पूर्ण झाकणारे हेडफोन आणि सॉफ्टवेअर म्हणून रीपर. रीपर ६० दिवस वापरून बघता येतं, मग परवाना घ्यायचा. मी घेतला, आणि तो पैसा वसूल आहे. स्पीकर घेतले नाहीत. आमच्या घरात ते लावून मिक्सिंग करण्याजोगी खोलीच नाही.

पहिला दणका पावसाने दिला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कंडेन्सर माइकमधून तडतड यायला लागली, गरम वाळूत फुटाणे फुटतात तशी. केबल बदलली, इनपुट बदलला, फॅन्टम पॉवर (कंडेन्सर माइकला केबलमधूनच मिळणारा ४८ व्होल्टचा पुरवठा) बंद करून पुन्हा चालू केला, तडतड तशीच. माइक बिघडला असं धरून चाललो होतो. खोलीतल्या आर्द्रता मापकाकडे लक्ष गेलं तर काटा ९१ टक्क्यांवर. कंडेन्सर माइकच्या डोक्यात अतिशय पातळ पडदा आणि त्यामागे धातूची चकती असते, दोन्हींमध्ये विद्युतभार टिकून राहावा लागतो. दमट हवेने आत ओल धरली की तो भार झिरपतो आणि झिरपताना तडतडतो. माइक पिठाच्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पाकिटांसोबत दोन दिवस ठेवला. तिसऱ्या दिवशी आवाज स्वच्छ! तेव्हापासून माइक डब्यातच राहतो, कामापुरता बाहेर येतो. दाणे नारिंगी असतात, ओल धरून हिरवे झाले की मंद आचेवर तापवून परत वापरायचे. पावसाळ्यात हे दर पंधरा दिवसांनी करावं लागतं.

एसएम५८ ला यातलं काही म्हणजे काही झालं नाही. तो डायनॅमिक माइक, म्हणजे चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यावर चालणारा, भार टिकवायची भानगडच नाही. १९६६ पासून बाजारात आहे, आणि दोन्ही पावसाळे भिंतीच्या खुंटीला लटकून काढले तरी त्याची कुरकुर नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाने पहिला माइक हाच घ्यावा, असं माझं ठाम मत झालंय. खारी हवा मात्र त्याच्याही केबलला सोडत नाही. माइकच्या केबलच्या टोकाच्या (एक्सएलआरच्या) तीन पिना आणि हेडफोनची पिन दर दोन महिन्यांनी काँटॅक्ट क्लीनरने पुसतो. एकदा विसरलो तर पिनेवर हिरवट थर धरला आणि उजव्या कानात आवाज येईना.

आता दुसरी गोष्ट, जिने मला सगळ्यात जास्त छळलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सुंदर रेकॉर्डिंग झाली. मार्चपासून मागे बारीक गुणगुण यायला लागली आणि मे महिन्यात ती एवढी वाढली की बाबांचा खर्जातला सूर तिच्यात बुडायचा. ५० हर्ट्झची, म्हणजे विजेचीच. इंटरफेसच्या पत्र्याला हात लावला की गुणगुण कमी व्हायची आणि बोटांना बारीक मुंग्या यायच्या. लॅपटॉपचा चार्जर काढला की एकदम शांत. पण हेच सामान, हाच प्लग डिसेंबरमध्ये तर गप्प होता. मग आताच काय झालं?

उत्तर आमच्या वायरमनने दिलं. त्याने फेज आणि अर्थिंगच्या मध्ये १०० वॅटचा बल्ब लावून दाखवला. अर्थिंग चांगलं असेल तर बल्ब लख्ख पेटतो. आमचा नुसता लालसर मिणमिणला. (हा प्रयोग घरी स्वतः करू नका, वायरमनकडूनच करून घ्या.) अर्थिंगचा खड्डा घराच्या दक्षिणेला, थेट जांभ्या दगडात. पावसात जांभा पाणी पितो आणि काम चालतं. मेपर्यंत तो खडखडीत वाळतो आणि चार्जरमधून झिरपणाऱ्या विजेला जमिनीत उतरायला वाटच उरत नाही. त्याने नवा खड्डा माडाच्या आळ्याशेजारी काढला, जिथे न्हाणीचं पाणी रोज जातं. पाच फूट खोल, जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, कोळसा आणि मिठाचे थर. साडेतीन हजार खर्च आला. त्याच संध्याकाळी चार्जर लावून रेकॉर्डिंग केलं, गुणगुण गेली होती. तोपर्यंत मी इंटरनेटवर महागड्या केबलींची किंमत बघत बसलो होतो. काहीजण प्लगची तिसरी, म्हणजे अर्थिंगची, पिन काढून टाकायला सांगतात. आवाज जातोही, पण दमट हवेत, ओल्या जमिनीवर अनवाणी बसून गाणाऱ्या माणसांच्या हातात माइक असताना असं करू नये.

वीज जाण्याचा त्रास मात्र वाटला तेवढा झाला नाही. इंटरफेस यूएसबीवरच चालतो, लॅपटॉपला बॅटरी आहे. मधेच लाइट गेली तरी रेकॉर्डिंग चालू राहतं. उलट पंखा बंद होतो आणि आवाज सुधारतो. वादळी हवेत मी सगळे प्लग उपसून ठेवतो. मे २०२१ मधल्या तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी शेजारच्या घरातला टीव्ही गेला होता, ते डोळ्यांसमोर आहे.

खोलीचं म्हणाल तर आधी पडवीत बसलो. प्रत्येक ट्रॅकवर कावळे, समोरच्या रस्त्यावरची एसटी आणि समुद्राची गाज. पावसाळ्यात तर मंगलोरी कौलांवर पाऊस वाजतो तेव्हा माजघरातसुद्धा काही करता येत नाही, ते चार महिने आम्ही फक्त उघडीप बघून बसतो. पण एरवी माजघरासारखी खोली नाही. चारी बाजूंनी दुसऱ्या खोल्या, बाहेर उघडणारी खिडकी एकही नाही, जांभ्याच्या जाड भिंती. माळ्यावर भाताची पोती होतीच. भिंतींना दोन गोधड्या टांगल्या आणि आवाजाचा घुमारा आटोक्यात आला. लॅपटॉप शेजारच्या खोलीत ठेवतो म्हणजे त्याचा पंखा माइकला ऐकू येत नाही. माइकची दहा मीटरची बॅलन्स्ड केबल (वाटेतली विजेची गुणगुण आत येऊ न देणारी) तेवढ्या अंतराला काही कमी करत नाही. रात्री बसायचं नाही. रातकिड्यांचा आवाज चार-पाच किलोहर्ट्झच्या आसपास, नेमका झांजेच्या आवाजात मिसळतो, आणि तो काढायला गेलं की झांजेचा जीव जातो. आमची वेळ दुपारी दोन ते चार, वाडी झोपलेली असते तेव्हा.

रेकॉर्डिंगची पद्धत शिकायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले. दोनच इनपुट, म्हणून मी ठरवलं होतं की आधी पेटी आणि गाणं, मग त्यावर पखवाज, मग झांज, असं एकेक चढवायचं. ठेका सुटू नये म्हणून हेडफोनमध्ये क्लिक, म्हणजे एकाच लयीतली टिकटिक, लावला. बाबांनी दोन मिनिटं ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवला. "ह्या टिकटिकेक काय कळतला, भजन खय चढता ता?" खरंच आहे ते. अभंग ज्या लयीत सुरू होतो त्या लयीत कधीच संपत नाही. गजराला बुवा मान वर करतात, पखवाजी काका त्यांच्या डोळ्यांकडे बघतात आणि लय एका क्षणात दुगुणीत जाते. ते दोघे वेगवेगळ्या दिवशी वाजवून कसं होईल? क्लिक काढला. आता सगळे एकत्र, एकदाच. एसएम५८ बाबांच्या तोंडासमोर, कंडेन्सर पेटी आणि पखवाज यांच्या मध्ये कमरेइतक्या उंचीवर, झांजवाले मागे आठ फुटांवर. झांज जवळ असली तर तिच्या पहिल्याच ठोक्याला लाल दिवा लागतो, म्हणजे आवाज फाटतो, म्हणून लेव्हल अशी ठेवतो की सगळ्यात मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या वर जाणार नाही (शून्याला आवाज फाटतो). २४ बिटला रेकॉर्ड करताना एवढी जागा सोडली तरी आवाजाचं काही बिघडत नाही.

पखवाजाचीही एक गंमत कळली. डाव्या अंगाला लावलेली कणीक माजघरात, बंद दारांत, अर्ध्या तासात सुकते आणि धुमचा घुमार पातळ होतो. कानाला पटकन कळत नाही, पण पहिला आणि पाचवा अभंग लागोपाठ ऐकला की स्पष्ट दिसतं. आता काका पाण्याची वाटी शेजारी घेऊन बसतात आणि दर अभंगानंतर बोटं ओली करून कणकेवरून फिरवतात.

कॉम्प्युटरकडून त्रास जवळपास शून्य. सेकंदाला ४८ हजार नमुने (४८ किलोहर्ट्झ), एका वेळी २५६ नमुन्यांचा बफर, म्हणजे आवाजाला सुमारे पाच मिलीसेकंदांचा उशीर. तसंही कुणाला हेडफोनवर ऐकायचं झालं तर इंटरफेसमधून थेट ऐकता येतं. दोन ट्रॅकचं तासाभराचं रेकॉर्डिंग साधारण १ जीबी होतं. त्याच रात्री दोन बाहेरच्या डिस्कवर नक्कल करतो, त्यातली एक रत्नागिरीला बहिणीकडे जाते. बुरशीची धास्ती मनातून गेलेली नाही.

पुन्हा घ्यायची वेळ आली तर चार माइक इनपुटांचा इंटरफेस घेईन, पखवाजाच्या दोन्ही तोंडांना वेगळा माइक देता यावा म्हणून. आणि अर्थिंग सगळ्यात आधी करून घेईन.

आतापर्यंत एकेचाळीस अभंग झाले. कॅसेटमधून गेलेल्यांपैकी सत्तावीस परत आले. भैरवी राहिली आहे. ती बाबांना कार्तिकी एकादशीच्या आदल्या दिवशी म्हणायची आहे, मंडळातल्या सगळ्यांना बोलावून, म्हणून कोरससाठी तिसरा माइक, आणि तो जोडता येईल असा इंटरफेस, कुणाकडे मिळतोय ते बघतोय.