भूजल सर्वेक्षण सेवा : कडोलीच्या शेतातील अनुभव

बोअर मारण्यापूर्वी नारळ किंवा डहाळी घेऊन शेतभर फिरणाऱ्या पाणाड्याला बोलावण्याची रीत बेळगाव परिसरात अजून टिकून आहे, आणि त्याची दक्षिणा परवडणारी असल्यामुळे शास्त्रीय सर्वेक्षणावर पैसे घालायला सहसा कोणी तयार होत नाही. आम्ही यंदा ते घातले. कठीण खडकांतील भूजल आणि पाणलोट यांच्या संशोधनात नोकरीचा सारा काळ घालवलेले एक निवृत्त शास्त्रज्ञ बेळगावात ही सेवा देतात. प्रसिद्धी नको असल्याने त्यांचे नाव येथे देत नाही. राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेचे कठीण खडकांसाठीचे प्रादेशिक केंद्र १९८७ पासून बेळगावातच असताना असे जाणकार येथे भेटावेत यात नवल नाही; नवल आहे ते आपल्याला त्यांची आठवण बोअर कोरडी गेल्यावरच येते याचे.

त्यांनी यंत्र बराच वेळ पेटीतून काढलेच नाही. जुन्या विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात तळ गाठते, पावसाळ्यात नाला किती दिवस वाहतो, बांधावरच्या बोअरला मुरूम किती फुटांपर्यंत लागला होता, अशी विचारपूस करून त्यांनी विहिरीच्या कडेने दिसणारे दगडाचे थर पाहिले आणि उताराचा नकाशा मांडला. त्यानंतर चार सळया एका रेषेत रोवून बाहेरच्या दोहोंतून वीजप्रवाह सोडला व आतल्या दोहोंमधील विजेचा दाब मोजला. बाहेरच्या सळया जसजशा दूर न्याव्यात, तसतशी अधिक खोलीवरील खडकाची माहिती मिळते. ओला मुरूम प्रवाहाला कमी अडवतो, काळा कातळ जास्त. पण चिकणमातीही कमीच अडवते, म्हणून केवळ आकड्यांवर विसंबता येत नाही. “आबा, इथं पाणी आहे असं मी म्हणत नाही, पाणी धरून ठेवील असा दगड आहे एवढंच म्हणतो,” असे त्यांनी आमच्या वडिलांना स्पष्ट सांगितले. वडिलांना ते फारसे रुचले नाही.

आपल्या भागात सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर एकावर एक रचलेले आहेत. थराच्या माथ्याचा मांजऱ्या, म्हणजे बारीक छिद्रांचा दगड झिजून पाणी साठवतो, खालचा घट्ट कातळ भेगा नसतील तर कोरडाच राहतो, आणि दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबडा गेरू सापडतो. शासकीय भूजल मोजणीत झिजलेल्या बेसाल्टचा (या काळ्या दगडाचा) विशिष्ट उतारा साधारण दोन टक्के धरतात, म्हणजे पाण्याने भरलेल्या एका घनमीटर खडकातून उपसण्याजोगे पाणी वीस लिटरच्या आसपास. हा हिशेब ऐकल्यावर सहाशे फुटांची हौस आपोआप कमी होते.

त्यांनी सुचवलेली जागा आमच्या पसंतीच्या उंचवट्यावर नव्हती, नाल्याकडच्या खोलगट भागात होती. घट्ट कातळ सलग लागला की थांबावे, असेही अहवालात लिहिले होते. बोअरच्या गाडीवाल्याला तो सल्ला पटला नाही, कारण त्याचे भाडे फुटावर ठरते. मुरूम संपून फुटका दगड सुरू होतो तेथेच पाणी लागले. अंदाजित खोलीत थोडा फरक पडला, पण थरांचा क्रम अहवालाप्रमाणेच निघाला. नाल्यावर वरच्या अंगाला लहान बांध घालण्याची सूचनाही त्यात आहे, परंतु त्यासाठी शेजाऱ्यांची संमती लागेल.

उणिवाही सांगायला हव्यात. अहवाल इंग्रजीत आणि आलेखांनी भरलेला होता. मराठीत समजावणे तोंडी झाले, ते कागदावर आले नाही. अहवाल हाती येण्यासही उशीर लागला. उपसा चाचणी, म्हणजे पाणी उपसून बोअर किती पाणी देते ते मोजणे, या शुल्कात धरलेली नाही, आणि हे आधी सांगितले असते तर बरे झाले असते. शुल्क पाणाड्याच्या कित्येक पट आहे, तरी एका कोरड्या बोअरच्या खर्चापुढे ते थोडेच. हमी देत नाहीत, ही मात्र मी उणीव मानत नाही.

गोकाकच्या गारगोटीसारख्या कठीण वालुकाश्मात किंवा खानापूरच्या जांभ्यात ही सेवा कितपत उपयोगी पडेल, हे आमच्या काळ्या दगडाच्या अनुभवावरून ठरवू नये. बोलवायचे असल्यास एप्रिल-मे महिन्यांत बोलवावे. विहिरी तेव्हा खालावलेल्या असतात आणि रान मोकळे असते. उसाचा फड उभा असेल तर तारा ताणायला सरळ रेषाच मिळत नाही, आणि आमच्याकडे त्यासाठी एक सरी तोडावी लागली.