कर्लीच्या खाडीतली दीड तासाची कयाक सफर: ऑक्टोबर ते मे, अकरा फेऱ्यांनंतरचा अनुभव

मालवणजवळच्या देवबागच्या मागच्या अंगाला, कर्लीच्या खाडीत, मी पहिल्यांदा कयाकमध्ये बसले ते दसऱ्यानंतरच्या रविवारी. शेवटची फेरी झाली मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात. मधल्या काळात हीच दीड तासाची सफर मी अकरा वेळा केली. पहिल्या फेरीनंतर लगेच लिहायला बसले असते तर ‘पाणी शांत, झाडी सुंदर, जरूर जा’ एवढंच लिहून झालं असतं. आता सांगायचं आहे ते वेगळं आहे: बुकिंगसाठी फोन कराल तेव्हा दर विचारायच्या आधी भरतीची वेळ विचारा.

मी मूळची कऱ्हाडची. बँकेतल्या बदलीमुळे कुडाळला आले. कृष्णेच्या काठी वाढूनही पोहायला शिकले नव्हते, आणि अजूनही येत नाही. हे आधीच सांगते, कारण पोहता न येणाऱ्यांनी हे करावं का, हा प्रश्न मला ऑफिसात सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला. करावं. मात्र लाइफ जॅकेट नीट बसलेलं असेल आणि बरोबर जाणकार माणूस असेल तरच.

जागा कशी आहे ते सांगते. तारकर्लीहून दक्षिणेला देवबागची जमीन निमुळती होत जाते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मधल्या पट्टीवर घरं, माड आणि एक रस्ता. काही ठिकाणी घराच्या पुढच्या दाराशी लाटांचा आवाज येतो आणि मागच्या दाराशी खाडीचं पाणी अगदी गप्प पडलेलं असतं. पट्टीच्या टोकाला नदी समुद्राला मिळते, आणि पलीकडे वेंगुर्ले तालुक्यातलं भोगवे दिसतं. ही पट्टी आडवी आहे म्हणून समुद्राची लाट आत येत नाही. मच्छीमारांच्या होड्या याच आडोशाला नांगरलेल्या असतात. नवख्या माणसाला वल्हं धरायला शिकायचं तर याहून सुरक्षित पाणी मला माहीत नाही.

कयाक ‘वर बसायची’ असते, म्हणजे पाय आत कोंबायचे नसतात. जाड प्लॅस्टिकची, तळाला आरपार भोकं असलेली. त्या भोकांतून आलेलं पाणी आपोआप निघून जातं, त्यामुळे बूड थोडं ओलं होतं पण कयाक भरत नाही. उलटलीच तर माणूस आत अडकत नाही, बाजूला पडतो. मी अकरा फेऱ्यांत एकदाही पडले नाही. पण पडल्यावर परत कसं चढायचं हे आमच्या मार्गदर्शकाने तिसऱ्या फेरीत कंबरभर पाण्यात करून घेतलं: पोटावर आडवं पडायचं, मग वळून बसायचं. हे न शिकवता कुणी तुम्हाला खोल पाण्यात नेत असेल तर आधी करून दाखवा म्हणून सांगा.

वल्हवायची पद्धत तो मालवणीत सांगतो, आणि माझ्या डोक्यात ती तशीच बसली आहे. “ताई, हातान नको, कमरेसून वल्हवा.” हाताने ओढलं की वीस मिनिटांत खांदे भरून येतात. पाय टेकूवर दाबून धड फिरवलं की तासभर काही वाटत नाही. म्हणून निघण्याआधी पायाचा टेकू आपल्या उंचीला लावून घ्या. गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पहिल्या दोन फेऱ्यांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि दोन्ही वेळा पाठ धरली होती.

आता भरतीचं. दुसऱ्या फेरीला आमचा पहिल्या वेळचा मार्गदर्शक मोकळा नव्हता, म्हणून मी दुसरीकडे बुकिंग केलं. तिथे मिळालेल्या जॅकेटचं एक बकल तुटलेलं होतं. मी दाखवल्यावर “चालतं हो” असं उत्तर मिळालं. बदलून मिळेपर्यंत मी बसले नाही. सकाळी आठला निघालो आणि नऊच्या सुमारास, कांदळवनाच्या (खारफुटीच्या) फाट्यात शिरल्यावर, पाणी पायाखालून निघून जायला लागलं. कयाक चिखलात टेकली. उतरावं तर पाय मांडीपर्यंत रुततो, आणि मुळांना चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांच्या कडा पात्यासारख्या कापतात. माझ्या घोट्यावरची खूण अजून आहे. वल्ह्याने ढकलत बाहेर पडायला आम्हाला अर्धा तास लागला. संकट मोठं नव्हतं, पण ते टाळता आलं असतं. त्या दिवशी षष्ठी होती.

षष्ठीचा काय संबंध, हे मला आमच्या मार्गदर्शकाच्या वडिलांनी समजावलं. त्यांचं आयुष्य गाबीत मच्छीमारांच्या वाड्यात आणि होडीवर गेलं. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा त्यांचा हिशोब. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. चंद्र रोज साधारण पाऊण तासाहून थोडा जास्त उशिरा येतो आणि भरती त्याच्यामागे सरकते, म्हणून हे गणित जमतं. मुंबईच्या मानाने मालवण किनाऱ्याला भरती थोडी आधी येते आणि खाडीत जितकं आत जावं तितकी ती उशिरा पोचते. त्यामुळे मिनिटाचा हिशोब यात नाही, पण दिवस ठरवायला हे पुरेसं आहे. षष्ठीला भरती पहाटे साडेचारच्या आसपास येऊन गेलेली असते. आठला निघणं म्हणजे उतरत्या पाण्यावर आत शिरणं.

तेव्हापासून मी कॅलेंडरवर एकादशी ते चतुर्दशीमधला सुट्टीचा दिवस शोधते, पंधरवडा कुठलाही असो. सकाळी, पूर्ण भरतीच्या साधारण तासभर आधी निघायचं. पाणी चढत असतं, ते आपल्याला आत घेऊन जातं. फाट्यात पोचेपर्यंत मुळं बुडालेली असतात आणि कयाक फांद्यांखालून अलगद जाते. मग पाणी थांबतं. ती दहा-पंधरा मिनिटं मी या सफरीची खरी किंमत मानते. वर आलेलं पान ना इकडे जातं ना तिकडे. त्यानंतर ओहोटी लागते आणि परतीला तीच आपल्याला घेऊन येते. “घाई कित्याक? पाणीच तुमका नेतला,” असं आमचा मार्गदर्शक म्हणतो, आणि खरोखर आम्ही कित्येकदा वल्हं मांडीवर ठेवून निम्मं अंतर आलो आहोत. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी थोडं चढतं आणि थोडंच उतरतं. उधाणाच्या दिवसांत ओढ जास्त असते. तेव्हा मुखाकडे जायचा आग्रह धरू नये.

कांदळवन पाहायला मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला सगळी झाडं एकसारखी दिसली होती. आता त्यांची ओळख झाली आहे. काठाला कमानीसारखी मुळं पसरून उभा असतो तो कांदळ. त्याच्या शेंगेसारख्या लांब कोंबांना झाडावर असतानाच अंकुर फुटलेला असतो. ते पडतात, चिखलात रुतले तर तिथेच उभे राहतात, नाहीतर भरतीबरोबर दुसरा काठ गाठतात. जानेवारीत आमच्या कयाकच्या बाजूने असाच एक कोंब उभाच्या उभा तरंगत चालला होता. तिवराची मुळं जमिनीतून पेन्सिली रोवल्यासारखी वर येतात, कारण चिखलात हवा नसते आणि झाडाला श्वास वरून घ्यावा लागतो. तिवराचं पान जिभेला लावून बघा, खारट लागतं: झाड जास्तीचं मीठ पानांतून बाहेर टाकतं. आणि पांढरी चिपी. पलीकडच्या विमानतळामुळे चिपी हे नाव आता सगळीकडे पोचलं, पण याच नावाच्या झाडाला महाराष्ट्राने 2020 साली राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर केलं, हे मला इथेच कळलं. त्याची पांढऱ्या केसरांची फुलं रात्री उमलतात. सातला गेलं की पाण्यावर ते केसर सांडलेले दिसतात. नऊच्या तुकडीला ते बहुतेक वाहून गेलेले असतात.

पक्षी हंगामाप्रमाणे बदलतात. डिसेंबर ते फेब्रुवारी मुखाजवळच्या वाळूवर कुरवांचे थवे असतात आणि काळ्या डोक्याचा खंड्या कांदळाच्या फांदीवर नक्की भेटतो. ब्राह्मणी घारी बाराही महिने. बोय मासे पाण्याबाहेर उड्या मारतात, एक तर आईच्या मांडीवरच पडला.

आई सासष्ट वर्षांची आहे. तिला मी फेब्रुवारीत नेलं, दुहेरी कयाकमध्ये पुढे तिला बसवून मागे मार्गदर्शक. बसताना नाही, उतरताना त्रास होतो, हे लक्षात ठेवा. दीड तास पाय लांब करून बसल्यावर गुडघे लगेच उभे राहू देत नाहीत. त्याने कयाक वाळूवर पूर्ण ओढून घेतली, तिला आधी बाजूला वळून बसायला लावलं, मग दोन्ही हात धरून उठवलं. “आये, सावकाश,” एवढंच म्हणाला. आई परतीच्या वाटेवर नेरूरपारचा पूल येईपर्यंत काही बोलली नाही. पुलावर तिने गाडी थांबवायला सांगितली आणि खाली बघत राहिली, कारण तीच नदी होती.

चांगल्या मार्गदर्शकाची माझी खूण अशी: तो जाळ्यांना वळसा घालतो. खाडीत कांडाळी लावलेल्या असतात, पाण्यावर फक्त जाळ्याच्या तरंगत्या गोळ्यांची रांग दिसते. ओहोटीला बायका कंबरभर पाण्यात मुळे (शिंपले) काढत असतात, एखादा माणूस पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकत असतो. आमचा माणूस लांबूनच वल्हं थांबवतो, हाक मारतो, त्यांनी हात केला की पुढे जातो. “आमी फिरूक ईलंव, ते पोटासाठी ईले,” हे त्याने मला एकदाच सांगितलं. दोन फेऱ्यांत मी दुसऱ्या गटातल्या पाहुण्यांना जाळ्यावरून कयाक नेताना पाहिलं, आणि त्यांच्या बरोबरच्या माणसाने अडवलं नाही. मला त्याचा मनापासून राग आला. पाण्यातली वाट आपल्या तिकिटाची नसते.

तक्रारीही आहेत. सकाळी दहानंतर मुखाकडे, त्सुनामी आयलंड नावाच्या वाळूच्या पट्टीच्या बाजूला, जेट स्की आणि बनाना बोटी सुरू होतात. त्यांच्या लाटा आडव्या आल्या की नवखा माणूस घाबरतो. कयाकचं तोंड लाटेकडे वळवायचं, हे माहीत नसेल तर डुगडुगते. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, मार्चनंतर तर जोरातच. पहाटेचा मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा, वारा मंद असतो, तो मागून येतो की पुढून हे कळतही नाही. दुपारी तीनची वेळ सगळ्यात सहज मिळते आणि ती का मिळते हे एप्रिलच्या फेरीत कळलं: परतीला वारा तोंडावर होता आणि पंचवीस मिनिटांच्या वाटेला पन्नास लागली. प्लॅस्टिकचंही दुःख आहे. उधाणानंतर कांदळाच्या मुळांत पिशव्या आणि बाटल्या अडकलेल्या असतात. आम्ही आता कयाकच्या मागे एक गोणी बांधून नेतो, येताना ती भरते.

मी माणशी सहाशे रुपये दिले, दिवाळीच्या गर्दीत आठशे. सकाळच्या पहिल्या वेळेसाठी जास्त पडले तरी तीच घ्या. लांब बाह्यांचा सुती नाही तर लवकर वाळणारा सदरा, मागे पट्टा असलेली चप्पल किंवा जुने बूट, टोपी, पिण्याचं पाणी. मोबाइलची पिशवी घरी पाण्यात बुडवून तपासून आणा. माझी पहिली गळकी निघाली. तळव्यांवर फोड येतात ते वल्हं आवळून धरल्याने, बोटं सैल ठेवली की येत नाहीत.

कयाक न वल्हवता नुसतं बसून कांदळवन बघायचं असेल तर वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला होडीतून सफर करवतात. मी मार्चमध्ये गेले होते. वल्हं त्यांच्या हातात असतं आणि झाडांची माहिती त्या फार मन लावून देतात. लहान मुलं असतील तर मी आधी तिकडेच नेईन.

मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत पावसाळ्यासाठी जलक्रीडा बंद असतात. शेवटच्या फेरीनंतर मी थोडा वेळ थांबले होते. आमच्या मार्गदर्शकाने कयाका गोड्या पाण्याने धुतल्या, माडाखाली उपड्या घातल्या आणि वर झापं टाकली. सप्टेंबरात सुरू होईल तेव्हा पाणी अजून गढूळ असेल, असं तो म्हणाला. नवरात्र संपू द्या, दसऱ्यानंतरच्या द्वादशीला या. तारीख मी लिहून ठेवली आहे.