नेव्हिगेशनस्टॅक नऊ महिने वापरल्यावर: लातूरच्या मोंढ्यातला अनुभव

"दादा, हे मागं जाईना की हो." मुनीमजींनी फोन माझ्यापुढे धरला. "मागं दाबलं की तीच पट्टी, परत दाबलं की परत तीच." बघितलं तर एकाच शेतकऱ्याची एकच हिशेबपट्टी एकावर एक तीनदा उघडलेली. दसरा नुकताच झाला होता, लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक जोरात होती, दुकानापुढे कट्ट्यांची थप्पी लागली होती. ज्याची पट्टी होती तो शेतकरी समोर उभा होता आणि त्याची गावाकडची गाडी सुटायची वेळ झाली होती. चूक माझ्या कोडची होती, अॅपमध्ये एका स्क्रीनवरून दुसरीवर ने-आण करणारा नेव्हिगेशनस्टॅक हा भाग वापरण्यातली. ती शोधताना जे कळत गेलं, ते आता एक सोयाबीनचा, एक तुरीचा आणि एक हरभऱ्याचा हंगाम बघून झाल्यावर सविस्तर लिहितोय.

अॅप एका आडत दुकानाचं आहे, स्विफ्टयूआय या आयफोन-आयपॅडच्या स्क्रीन बनवायच्या अॅपलच्या साधनात लिहिलेलं. शेतकऱ्यांची यादी, यादीतून शेतकरी, त्याचा माल, मालाचा तोल आणि शेवटी हमाली, तोलाई वजा जाऊन निघालेली पट्टी. पाच स्क्रीन खोल. मालकांकडे नवा आयफोन, गल्ल्यावर आयपॅड आणि मुनीमजींकडे आयफोन ८. आयफोन ८ आयओएस १६च्या पुढे जात नाही, म्हणून अॅपची किमान अट १६च ठेवावी लागली. पुढचे बरेच निर्णय या एका फोनमुळे ठरले आणि मला त्याची खंत नाही, कारण दिवसभर सगळ्यांत जास्त अॅप तोच फोन चालवतो.

जुन्या पद्धतीबद्दल थोडक्यात. २०१९ साली आयओएस १३ सोबत स्विफ्टयूआय आलं तेव्हा त्यात नेव्हिगेशनव्ह्यू होता. पुढची स्क्रीन ती उघडणाऱ्या लिंकच्या आतच लिहायची, आणि कोडमधून उघडायची असेल तर त्या लिंकला एक बूल, म्हणजे हो किंवा नाही एवढंच सांगणारं मूल्य, जोडायचा. पट्टी झाल्यावर थेट यादीवर यायचं म्हटलं की वरच्या स्क्रीनचा बूल खालच्या स्क्रीनपर्यंत हातोहात पोचवत न्यायचा. आधीच्या एका अॅपमध्ये मी हे दोन वर्षं केलंय. २०२२ मध्ये आयओएस १६ सोबत नेव्हिगेशनस्टॅक आला आणि नेव्हिगेशनव्ह्यू कालबाह्य म्हणून जाहीर झाला.

नेव्हिगेशनस्टॅकचं सगळं बळ त्याच्या पाथमध्ये आहे. एसटीच्या पाटीवर सोलापूर, आणि खाली मार्गे औसा, तुळजापूर असं लिहिलेलं असतं ना, तसा हा पाथ: एका अॅरेत, म्हणजे कोडमधल्या क्रमवार रांगेत, मांडलेले थांबे. शेवटचा थांबा म्हणजे समोर दिसणारी स्क्रीन. त्यात एक थांबा जोडला की पुढची स्क्रीन उघडते, शेवटचा काढला की माणूस मागे येतो, अॅरे रिकामा केला की थेट यादीवर. कुठल्या थांब्याला कुठली स्क्रीन दाखवायची ते नेव्हिगेशनडेस्टिनेशन या मॉडिफायरमध्ये, म्हणजे स्क्रीनला जोडायच्या सूचनेत, एकदाच सांगायचं. स्क्रीनना एकमेकींची ओळख असायची गरज उरत नाही. तोलाच्या स्क्रीनला पट्टीची स्क्रीन कशी बनते हे माहीत नाही, ती फक्त "पट्टी, या नंबरची" एवढा थांबा जोडून मोकळी होते.

आता तीन पट्ट्यांचं प्रकरण. मी सुरुवातीला नेव्हिगेशनपाथ हा तयार प्रकार वापरला होता. त्यात कुठल्याही टाईपचा थांबा टाकता येतो, पण टाकलेलं पुन्हा वाचता येत नाही. किती थांबे आहेत ते कळतं, शेवटचे काढता येतात, पण शेवटी नेमकं काय आहे हे विचारायची सोय नाही. पट्टीचं बटण दाबल्यावर मी पाथमध्ये थांबा जोडत होतो. मुनीमजींचा अंगठा दिवसभर धान्य चाळून धुळीनं भरलेला, एका दाबण्यात स्क्रीन हलली नाही असं वाटलं की ते लगेच दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा दाबतात. प्रत्येक दाबण्याला एक थांबा जोडला गेला. घरी सिम्युलेटरवर, म्हणजे संगणकावरच्या नकली फोनवर, मी माऊसनं एकदाच क्लिक करायचो, तिथे हे दिसणारच नव्हतं.

उपाय साधा निघाला. नेव्हिगेशनपाथ काढून टाकला आणि स्वतःचा एक एनम, म्हणजे ठरलेल्या पर्यायांचा संच, केला: शेतकरी, माल, तोल, पट्टी. पाथ म्हणजे या एनमचा साधा अॅरे. आता जोडण्याआधी शेवटचा थांबा तपासता येतो आणि तोच असेल तर दुसऱ्यांदा जोडत नाही. चार ओळींचं काम. अॅपमधले सगळे थांबे तुमच्याच ताब्यात असतील तर पहिल्या दिवसापासून एनमचा अॅरेच घ्या, असं मी आता प्रत्येकाला सांगतो. नेव्हिगेशनपाथ वेगवेगळ्या मॉड्यूलमधून, म्हणजे कोडच्या सुट्या भागांतून, थांबे येत असतील तिथे शोभतो.

दुसरा धडा याच्याच पोटातला. एनममध्ये सुरुवातीला मी शेतकऱ्याची अख्खी नोंद भरली होती, नाव, गाव, बाकी रक्कम सगळं. कोड छोटा दिसत होता. पण पाथमध्ये गेलेली नोंद ही त्या क्षणाची प्रत असते. तोलात दुरुस्ती केली, २१ कट्ट्यांचे २२ झाले, मागे शेतकऱ्याच्या स्क्रीनवर आलो तर बाकी जुनीच. गल्ल्यावरच्या आयपॅडवर एक आकडा आणि मुनीमजींच्या फोनवर दुसरा. पैशाच्या व्यवहारात असा फरक पडला तर आधी माणसाच्या हेतूवर शंका येते, अॅपवर नंतर. त्या संध्याकाळी पट्ट्या पुन्हा हातानं जुळवाव्या लागल्या. तेव्हापासून थांब्यात फक्त ओळख-क्रमांक जातो, आणि नोंद प्रत्येक स्क्रीन स्वतः साठ्यातून ताजी वाचते.

क्रमांकच ठेवल्याचा आणखी एक फायदा नंतर कळला. अॅरे कोडेबल झाला, म्हणजे जसाच्या तसा साठवून ठेवता आला. फोन आला, व्हॉट्सअॅप उघडलं, दोन फोटो काढले, एवढ्यात जुन्या फोनची मेमरी भरते आणि सिस्टीम मागचं अॅप बंद करते. परत आल्यावर पहिली यादी. अर्ध्या तोलातून उठून पुन्हा शेतकरी शोधायचा, तोही एकाच आडनावाच्या तीसजणांतून. आता पाथ जेसन या मजकुराच्या रूपात करून सीनस्टोरेजमध्ये, म्हणजे सिस्टीमनं अॅप बंद केलं तरी टिकणाऱ्या जागेत, ठेवतो आणि अॅप उघडल्यावर तिथूनच भरतो. यात दोन गोष्टी सांभाळा. एक, थांब्यातला शेतकरी किंवा माल अजून साठ्यात आहे का ते तपासा, नाहीतर रिकामी स्क्रीन उघडेल. दोन, दिवस बदलला असेल तर साठवलेला पाथ सोडून द्या. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या कालच्या मालाचा तोल समोर यावा हे कुणालाच नको असतं, आणि चुकून त्यातच नवा आकडा भरला जातो. वापरणाऱ्यानं अॅप स्वतःच वर सरकवून बंद केलं तर सीनस्टोरेजमधलंही जातं. ते मला बरोबरच वाटतं, कारण तेव्हा त्याला नव्यानंच सुरुवात करायची असते.

लिंकवरून थेट पट्टी उघडणंही या पाथमुळे सोपं झालं. मालक व्हॉट्सअॅपवर पट्टीची लिंक पाठवतात. ती उघडली की मी पाथमध्ये आधी शेतकरी, मग पट्टी असे दोन्ही थांबे एकदम भरतो. त्यामुळे मागे गेलं की यादी न येता तो शेतकरीच समोर येतो.

शीटनं मात्र मला दमवलं. नव्या तोलाची नोंद खालून अर्ध्यावर येणाऱ्या शीटमध्ये आहे. आयओएस १६पासून शीटची उंची डिटेंटनं ठरवता येते, मिडियम ठेवली की वरची यादीही दिसत राहते. मोंढ्यात हे छान बसलं. पण शीट खाली ओढली की बंद होते, आणि आकडे भरता भरता बोट घसरलं की सात कट्ट्यांची वजनं गेली. हे ओढून बंद होणं अडवणारा इंटरॅक्टिव्हडिसमिसडिसेबल्ड हा मॉडिफायर आयओएस १५पासून आहे. तो सरसकट लावू नका. फॉर्म कोरा असेल तर शीट ओढून बंद व्हायला हवी, एक आकडा जरी भरला असेल तरच अडवा आणि बंद करायला स्वतंत्र बटण द्या. दुसरं, एकाच व्ह्यूवर, म्हणजे स्क्रीनच्या एकाच भागावर, तीन शीट तीन बूलनी टांगू नका. एक मिटत असताना दुसरी उघडायला गेलं की दुसरी गायब होते. एकच शीट, एकच ऑप्शनल, म्हणजे रिकामा राहू शकणारा, एनम, एवढ्यानं माझ्याकडचा तो सगळा घोळ संपला.

मागे सांगितलेला डेस्टिनेशनचा मॉडिफायर लिस्ट किंवा लेझीव्हीस्टॅक या ओळी दाखवणाऱ्या घटकांच्या आतल्या ओळीवर लावू नका, बाहेर लावा. आतल्या ओळी गरजेप्रमाणे बनतात, त्यामुळे ती डेस्टिनेशन स्टॅकला दिसेलच याची खात्री नसते. एक्सकोड या कोड लिहायच्या साधनाच्या कन्सोलमध्ये त्याची सूचना येते, पण कन्सोलकडे माझं लक्ष नव्हतं. आयपॅडसाठी नेव्हिगेशनस्प्लिटव्ह्यू घेतला, डाव्या बाजूला यादी आणि उजवीकडच्या भागात स्वतःचा स्टॅक. त्याची कधी तक्रार आली नाही.

आता ट्रान्झिशन, म्हणजे एक स्क्रीन जाऊन दुसरी येतानाची हालचाल. माझं मत या नऊ महिन्यांत इथेच सगळ्यांत जास्त बदललं. यादीतल्या मालाच्या नमुन्याचा छोटा फोटो मोठा होत पुढची स्क्रीन व्हावी असं मला फार वाटत होतं. असं मोठं होणं दाखवणारा मॅच्डजॉमेट्रीइफेक्ट आयओएस १४पासून आहे, पण नेव्हिगेशनस्टॅकच्या पुशमधून, म्हणजे पुढची स्क्रीन बाजूनं सरकत येण्यातून, तो एका स्क्रीनवरून दुसरीवर जात नाही. म्हणून मी स्टॅक बाजूला ठेवून झेडस्टॅकमध्ये दोन स्क्रीन एकावर एक रचल्या. आठवडाभर खपलो. दिसायला देखणं झालं. पण डाव्या कडेवरून बोट सरकवून मागे जाणं गेलं, शीर्षकपट्टी मला हातानं काढावी लागली, आणि पाथमध्ये ती स्क्रीन नसल्यामुळे अॅप बंद होऊन उघडलं की ती हरवायची. दुसऱ्याच दिवशी मुनीमजी कडेवर अंगठा घासत होते आणि स्क्रीन जागची हलत नव्हती. कुणीही न शिकवता ती सवय त्यांच्या हाताला लागली होती आणि मी ती मोडली होती. सगळं काढून टाकलं.

तीच गोष्ट मागे जायच्या बटणाची. त्यावर मराठीत "मागे" हवं म्हणून मी मूळ बटण लपवून स्वतःचं ठेवलं होतं. मूळ बटण लपवलं की कडेवरून सरकवणंही बंद पडतं. मूळ बटण परत आणलं. मुनीमजींच्या फोनवर त्यावर आधीच्या स्क्रीनचं शीर्षक येतं, म्हणजे "शेतकरी", आणि आपण कुठे परत जातोय हे त्यातून जास्त चांगलं कळतं.

२०२४ मध्ये आयओएस १८ सोबत झूम ट्रान्झिशन आलं, तेव्हा फोटोची ती हौस पुन्हा बाहेर काढली. फोटोवर मॅच्डट्रान्झिशनसोर्स, पुढच्या स्क्रीनवर नेव्हिगेशनट्रान्झिशन झूम, दोन्हीकडे तोच क्रमांक आणि तीच नेमस्पेस, म्हणजे दोघांची जोडी जुळवणारी खूण. पाथ तसाच, सरकवून मागे येणंही शाबूत, आणि फोटो मोठा होत असताना मध्येच बोटानं धरून परत सोडता येतो. मालकांच्या फोनवर हे चालतं. आयफोन ८वर आवृत्ती तपासून नेहमीचा पुश ठेवलाय. झूम फक्त या एकाच ठिकाणी आहे, कारण इथे छोटा फोटो आणि पुढची स्क्रीन ही खरोखर एकच वस्तू आहे. तोलावरून पट्टीवर जाताना बाजूनं सरकत येणारी स्क्रीनच बरी, पुढचं पान उलटल्यासारखी. आणि स्वतःचं काही हलतं-डुलतं केलं असेल तर रिड्यूस मोशनची, म्हणजे हालचाल कमी करायची, सेटिंग वाचून ते थांबवा. मालकांच्या वडिलांना चष्म्यातून स्क्रीन हलताना गरगरतं, त्यांच्या फोनवर ती चालू आहे.

एक काम अजून अडलंय. शीट उघडी असताना व्हॉट्सअॅपवरून पट्टीची लिंक दाबली तर पाथ मागे बदलतो, पण शीट वर तशीच राहते आणि पट्टी उघडल्याचं कळतच नाही. आत अर्धा भरलेला तोल असेल तर शीट मिटवून टाकायला मन धजत नाही. सध्या शीटच्या वरच्या कडेला "पट्टी उघडली आहे, आधी हा तोल जतन करा" अशी एक ओळ दाखवतो. मुनीमजींना ती दिसते, मालकांना दिसत नाही, कारण ते आयपॅड गल्ल्याच्या पलीकडून बघतात. यंदाचं सोयाबीन मोंढ्यात यायच्या आत ते बसवायचं आहे.