पहिला संच कोणता घ्यावा: स्कूनर की डोरी?

लाकडी जहाजाची प्रतिकृती सुट्या भागांच्या संचातून बांधायचे ज्यांनी ठरवले आहे आणि १:६४ म्हणजे काय हे ज्यांना समजावून सांगावे लागत नाही, त्यांच्यापुढे बहुधा एकच प्रश्न उरतो: सुरुवात डोलकाठ्यांच्या मोठ्या गलबतापासून करावी की उघड्या लहान होडीपासून? मी दोन्ही बांधली आहेत, सोलापुरात बांधली आहेत आणि, आता वाटते, उलट्या क्रमाने बांधली आहेत. आधी ‘ब्लूनोज’ हे दोन डोलकाठ्यांचे स्कूनर, मग डोरी, म्हणजे सपाट तळाची ती उघडी लहान होडी.

खरे तर हे दोन्ही संच एकाच संसारातले आहेत. १९२१ साली कॅनडातील नोव्हा स्कोशियामधल्या लुनेनबर्ग येथे ‘ब्लूनोज’ पाण्यात उतरले. ते शर्यतींसाठी गाजले आणि १९३७ पासून कॅनडाच्या दहा सेंटच्या नाण्यावर विराजमान झाले. पण त्याचे रोजचे काम कॉड मासळीचे होते. मासेमारीच्या जागी पोहोचले की अशा स्कूनरवरून सपाट तळाच्या डोऱ्या खाली सोडल्या जात आणि त्यांत बसून कोळी गळांच्या लांब दोऱ्या टाकायला जात. या डोऱ्यांची आतली आडवी बैठक काढून ठेवता येत असे, त्यामुळे त्या डेकवर वाटीत वाटी ठेवावी तशा एकात एक रचल्या जात. मूळ स्कूनर १४३ फुटांचे, म्हणजे १:६४ प्रमाणात, मूळच्या चौसष्टाव्या भागाइतके, सुमारे सत्तावीस इंच. १:२४ प्रमाणातली डोरी वीतभराहून थोडीच मोठी भरते.

स्कूनरच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते मी हात राखून सांगणार नाही. नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, जाताना प्रत्येक फळी निमुळती करावी लागते, तळाच्या कण्यालगतची पहिली फळी नीट बसली नाही तर वरच्या सगळ्या फळ्या वाकड्या चालतात, डेकच्या फळ्यांच्या कडांवर शिसपेन्सिल फिरवली की डांबर भरल्यासारखी रेघ दिसते. ही विद्या डोरीतून मिळत नाही. दोरखंडांच्या कामाची मला धास्ती होती, पण तेच सर्वांत सुखाचे ठरले. सुताला मेण लावायचे, त्यावरची लव मेणबत्तीच्या जवळून झरकन नेऊन जाळायची आणि गाठी मारत बसायचे. संचातला दोरा मला जाड वाटला, तेव्हा त्याहून बारीक, चांगल्या पिळाचे सूत शोधायला मला घरापासून फार लांब जावे लागले नाही. ही सोय सोलापूरकराने गृहीत धरायला हरकत नाही.

माझे घोडे अडले ते फळ्यांच्या सांध्यांपाशी. स्कूनरच्या बरगड्यांवर चार-पाच मिलिमीटर रुंदीच्या फळ्या एकाला एक भिडवून चिकटवतात आणि नाळेपाशी वळण देण्यासाठी त्या पाण्यात भिजवतात. (नळाला तेव्हा चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात बादलीभर पाण्यात लाकडाच्या पट्ट्या तरंगताना पाहून घरच्यांनी काय म्हटले असेल ते सांगत नाही.) मी हे काम जुलै ते सप्टेंबर या काळात केले. फळी भिजवली, वाकवली, फेविकॉल लावला, कपडे वाळत घालायचे चिमटे लावले, झाले. सांधे पुट्टीने भरले, पॉलिश पेपर मारला, वर काळा रंग दिला. दिवाळीत आलेल्या पाहुण्यांनी हात फिरवून पाहिला आणि कोणालाही फळी लागली नाही. एप्रिलमध्ये पारा चाळिशीपलीकडे गेला, आणि एका सकाळी त्या काळ्याभोर अंगावर नाळेपासून मागपर्यंत केसाएवढ्या पांढरट रेघा उमटलेल्या दिसल्या. पुट्टी तडकली होती आणि तिच्याबरोबर रंगही.

लाकूड लांबीत फारसे आकसत नाही, रुंदीत आकसते. एका फळीचे आकसणे नगण्य असते, पण शेजारी-शेजारी वीस फळ्या असल्या की ते वीस सांध्यांतून बाहेर पडते. मी तर फळ्या ओल्याच चिकटवल्या होत्या. आमच्या शेजारच्या, कापडगिरणीत उमेदीची वर्षे घालवलेल्या मामांना मी ते दाखवले, तर ते म्हणाले, “मागाच्या खात्यात हवेत ओल धरून ठेवायचो आम्ही, नाहीतर सूत तटातट तुटायचं. लाकडाचं काय वेगळं असणार?” फळी साच्यात रात्रभर वाळू देऊन मगच चिकटवली असती, तर हा प्रकार बराच टळला असता, हे मान्य करतो. तरीही एकदा भरलेले सांधे पुन्हा खरवडून भरण्यात माझा एक अख्खा उन्हाळा गेला, आणि पुढच्या वर्षी रेघा पुन्हा आल्या, कमी, पण आल्या.

डोरीत फळ्या भिडवत नाहीत. खालच्या फळीच्या कडेवर वरची फळी किंचित चढवतात, कौलावर कौल ठेवावे तशी. फळी थोडी आकसली तरी चढलेली कड सांधा झाकून धरते. पुट्टीची गरजच पडत नाही. फळ्या रुंद आणि संचातच लेझरने आकार देऊन कापलेल्या असतात, त्यामुळे निमुळत्या करण्याचा खटाटोप नाही. माझी डोरी सहा आठवड्यांच्या संध्याकाळींत झाली, स्कूनरला चौदा महिने लागले होते. खर्चही माझ्या बाबतीत साधारण पाव पट आला.

डोरीला दोष नाहीत असे नाही. लेझरने कापलेल्या कडा काळ्या पडलेल्या असतात आणि तो जळका थर न घासता चिकटवले तर सांधा धरत नाही. फळी फळीवर चढते तिथली तिरकी कड तासताना हात जरा जास्त चालला, तर चूक झाकायला वर दुसरा थर नसतो. आतली बाजूही उघडी, म्हणजे फेविकॉलचा ओघळ जिथे सुकला तिथे पॉलिश धरत नाही आणि डाग कायमचा राहतो. आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे: पाहुणे स्कूनरपुढे थांबतात, डोरीपाशी थांबत नाहीत. “एवढीशीच?” हे मी चार वेळा ऐकले आहे.

ज्यांना दोरखंडांचीच ओढ आहे, ज्यांच्याकडे काचेची पेटी ठेवायला जागा आहे आणि वर्षभर एकच काम धरून बसण्याचा ज्यांचा स्वभाव आहे, त्यांनी खुशाल स्कूनर घ्यावे. कोकणातल्या दमट हवेत बांधणाऱ्याचा अनुभव कदाचित माझ्याहून वेगळा असेल. सोलापुरात पहिलाच संच घेणाऱ्याने मात्र माझे स्कूनर एकदा एप्रिलमध्ये पाहावे. श्रावणात पाहून उपयोग नाही, तेव्हा रेघा पुन्हा मिटलेल्या असतात.