शेळ्या घ्यायच्या की पोल्ट्री टाकायची? देशातले कत्तलीचे आकडे काय सांगतात

पुतण्याने परवा विचारलं, "काका, शेळ्या घेऊ का पोल्ट्री टाकू?" त्याच्या मोबाइलवर एक आलेख होता. देशातलं मांस उत्पादन २०१४-१५ साली साधारण ६७ लाख टन होतं, ते २०२३-२४ मध्ये १०२ लाख टनांच्या पुढे गेलं आणि त्यातलं जवळजवळ निम्मं कोंबडीचं. जी रेघ वर चाललीय तिच्यात पैसा घालायचा, हा त्याचा हिशेब. मला तो पटत नाही. असाच हिशेब करणारी पोरं गावोगाव आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ही रेघ कशाने चढली ते बघा. २०२२-२३ मध्ये कोंबडीचं मांस जवळपास ५० लाख टन झालं. एका पक्ष्यामागे दीड किलो मांस धरलं तर वर्षाला तीनशे कोटींहून जास्त पक्षी कापले जातात. आता २०१९ ची पशुगणना काढा. व्यावसायिक पोल्ट्रीत मोजले गेलेले पक्षी सुमारे ५३ कोटी, अंड्यांच्या कोंबड्या धरून. पशुगणना त्या वेळी दावणीला नि शेडमध्ये काय उभं आहे तेवढंच मोजते, कत्तलीचा आकडा वर्षभरात काय गेलं ते मोजतो. ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांच्या, बाबतीत या दोन आकड्यांत एवढी तफावत पडते, कारण चाळीसेक दिवसांत लॉट (एकदम टाकलेले सगळे पक्षी) निघतो आणि शेड धुऊन, चुना मारून, दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा पिल्लं येतात. वर्षाला पाच-सहा लॉट. २०१२ ते २०१९ या काळात व्यावसायिक पक्षी जेमतेम साडेचार टक्क्यांनी वाढले, मांस मात्र त्याच्या कितीतरी पट. म्हणजे वाढ मुख्यतः वेगाची आहे, आणि हा वेग करारावर पिल्लू, खाद्य, औषध पुरवणाऱ्या कंपनीच्या हातात असतो. शेतकऱ्याच्या वाट्याला शेड, वीज, पाणी, तूस आणि रात्रीचं जागरण.

शेळीचं उलटं आहे. २००७ साली देशात १४ कोटी शेळ्या होत्या, २०१२ ला त्या साडेतेरा कोटींवर आल्या आणि २०१९ ला १४.८९ कोटी झाल्या. शेळीच्या मटणाचा एकूण मांसातला वाटा पंधरा टक्क्यांच्या आसपास. रेघ सपाट दिसते, पण मागणी कमी आहे म्हणून नव्हे. शेळीची गाभण पाच महिन्यांची. करडू विकायजोगं व्हायला पुढे आठ-दहा महिने लागतात. उस्मानाबादी शेळी जुळी देते, नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेतं मिळतात. त्यापुढे निसर्ग ऐकत नाही. मागणी आहे आणि माल हळूहळू येतो, म्हणून मटण सातशे-आठशे रुपये किलोवर बसलंय आणि ब्रॉयलर त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास.

आणखी एक गोष्ट. हे वार्षिक आकडे नमुना पाहणीतून काढलेले अंदाज असतात. गावच्या जत्रेत, घरच्या कंदुरीत कापलेला बोकड खाटकाच्या वहीत कुठे येतो? शेळीची रेघ कागदावर दिसते त्याहून जाड असावी, असं माझं मत आहे. (म्हैस नि डुक्कर सोडून देतो. म्हशीच्या मांसाचा वाटा अठरा टक्के असला तरी ते दुधाच्या धंद्यामागून येतं आणि बरंचसं निर्यातीला जातं. डुकरं तर २०१२ ते २०१९ मध्ये बारा टक्क्यांनी घटली.)

आता जोखीम. करारावरच्या ब्रॉयलरमध्ये बाजारभावाचा फटका बराचसा कंपनी सोसते, ही खरी जमेची बाजू. श्रावणात भाव पडला तरी किलोमागे ठरलेला संगोपन दर मिळतो. पण मर जास्त झाली, खाद्याचा हिशेब बिघडला की त्याच दरातून कापलं जातं. फेब्रुवारी २०२० मध्ये कोंबडीने करोना होतो ही अफवा उठली, तेव्हा कंपन्यांनी पिल्लं टाकणंच कमी केलं. शेड रिकामं आणि बँकेचा हप्ता चालू. २००६ साली नवापुरात बर्ड फ्लूने काय झालं ते नंदुरबारकडच्या लोकांना विचारा. पाच हजार पक्ष्यांना, पक्ष्यामागे एक-सव्वा चौरस फूट धरून, पाच-सहा हजार फुटांचं शेड लागतं. ते दुसऱ्या कशाला चटकन वापरता येत नाही.

शेळीत हा धोका तुकड्या-तुकड्याने येतो. पीपीआर आणि आंत्रविषार या शेळ्यांच्या दोन जीवघेण्या रोगांच्या लसी चुकवल्या तर कळप बसतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बाजारात व्यापारी नजरेने उक्ता भाव लावतो आणि नवशिक्या तिथेच मार खातो. वजनकाटा घरी घ्या, लोणंद, यवत, चाकणच्या बाजारात आधी चार आठवडे नुसतं उभं राहा. बकरी ईदच्या आधी दोन महिने बोकड तयार असला तर वर्षाचा भाव त्यात निघतो. आणि पोरीच्या फीला दोन बोकड विकता येतात. अर्धा लॉट विकता येत नाही.

माझा कौल असा: बारमाही पाणी, पक्का रस्ता, खात्रीची वीज आणि घरात दोन माणसं चोवीस तास मोकळी असतील तर ब्रॉयलर, तेही करारातली कपातीची कलमं शब्दन्‌शब्द वाचून. कोरडवाहू रान, बांधावर चाऱ्याला सुबाभूळ, शेवरी आणि कर्ज नको असेल तर शेळी. सुरुवात दहा माद्या आणि एका चांगल्या बोकडापासून, बाहेरून थेट पन्नास आणू नयेत.

पुतण्याकडे रान कोरडं आहे आणि वीज रात्रीची येते. त्याच्या बायकोने मात्र तिसरंच विचारलं, परसातल्या गावरान कोंबड्यांचं काय? तिचं बरोबर आहे. २०१२ ते २०१९ मध्ये सगळ्यात जोरात, सुमारे ४६ टक्क्यांनी, वाढल्या त्या परसातल्याच कोंबड्या. तिने वीस पिल्लांपासून सुरू करावं, शेळ्यांच्या शेजारीच.