स्पोर्ट्स नॅव्हीचा चेंडूगणिक धावफलक: सोलापुरात बसून जपान सिरीज

ऑक्टोबर संपत आला की मला ओळखणारे दोन-चार जण हमखास विचारतात, "यंदा जपान सिरीज कुठं बघणार?" जपान सिरीज म्हणजे जपानी बेसबॉलच्या मोसमाची अंतिम मालिका. माझं उत्तर ठरलेलं असतं: बघणार नाही, वाचणार. याहू जपानच्या स्पोर्ट्स नॅव्ही या संकेतस्थळावर जपानी प्रोफेशनल बेसबॉलच्या सामन्यांचा चेंडूगणिक धावफलक येतो. त्यासाठी पैसे पडत नाहीत, खातं उघडावं लागत नाही आणि फोनवर सगळं नीट दिसतं. २०२४ आणि २०२५ या दोन्ही सिरीज मी याच पानावर काढल्या. आता त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाला आहे. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं. तिकडे संध्याकाळी साडेसहाला सामना सुरू होतो तेव्हा आमच्याकडे दुपारचे तीन वाजलेले असतात. चलनं आलेली असतात, ई-वे बिलं काढायची असतात आणि बाजूच्या शेडमध्ये लूम धडधडत असतात. अशा वेळी कानात वायर घालून व्हिडिओ बघत बसणं शक्यच नाही. कॅल्क्युलेटरच्या शेजारी फोन ठेवून अधूनमधून नजर टाकणं मात्र जमतं. रेंजची एकच काडी असली तरी पान हलतं, हे आमच्या शेडमध्ये बसणाऱ्याला फार मोलाचं आहे.

पानाची रचना सांगते. सगळ्यात वर इनिंगनुसार धावा (बेसबॉलमध्ये प्रत्येक संघाच्या नऊ इनिंग, म्हणजे पाळ्या असतात). त्याखाली मैदानाचा चौकोन, ज्या बेसवर (धाव पुरी करताना लागणाऱ्या टप्प्यावर) खेळाडू उभा असेल तो बेस रंगलेला. बाजूला तीन ओळींत दिवे: बॉलचे (झोनबाहेरून गेलेले, बॅटरनं सोडलेले चेंडू; चार झाले की तो फुकटात बेसवर) हिरवे, स्ट्राईकचे (हुकलेले किंवा झोनमधून सोडलेले; तीन झाले की बाद) पिवळे, आउटचे (तीन झाले की पाळी संपली) लाल. आणि मग या पानाचा जीव म्हणावा असा स्ट्राईक झोनचा, म्हणजे चेंडू जिथून जायला हवा त्या जागेचा, उभा चौकोन. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यानं, टाकलेला प्रत्येक चेंडू तिथे क्रमांकासह उमटतो. खाली यादीत चेंडूचा प्रकार, ताशी किलोमीटरमधला वेग आणि त्याचं काय झालं ते. पहिला चेंडू बाहेरच्या कोपऱ्यात १५० चा, दुसरा तिथेच पण एक वीतभर आणखी बाहेर, तिसरा अचानक गुडघ्याखाली बुडणारा, फोर्क नावाचा चेंडू. हे तीन ठिपके बघितले की पिचर आणि कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा) काय शिजवतायत ते कळतं.

शाळेत मी सॉफ्टबॉल खेळले, कॅचर होते. कॅचरला अख्खा सामना दिसतो तो पिचर आणि बॅटर यांच्या झटापटीतून. बाकी मैदान नंतर. म्हणून हे पान मला इतकं भावलं असावं. टीव्हीवर कॅमेरा प्रेक्षकांत फिरतो, डगआउटमध्ये जातो, जाहिराती लागतात. इथे फक्त चेंडू आणि काउंट, म्हणजे बॉल-स्ट्राईकची मोजणी. तीन बॉल, दोन स्ट्राईक आणि बेस भरलेले असताना पुढची ओळ उमटायची वाट बघणं म्हणजे काय असतं, ते ज्यानं लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून ट्रान्झिस्टरवर शेवटची ओव्हर ऐकली आहे त्याला वेगळं सांगायला नको.

पान जपानीत आहे, म्हणून कुणी बिचकू नका. खेळाडूंची नावं फोनमधल्या भाषांतरातून कळतात, बाकी लागतात ती मोजकी अक्षरं. फर्स्ट, सेकंड, थर्ड बेससाठी अनुक्रमे एक, दोन आणि तीन आडव्या रेघा असतात, लेफ्ट, सेंटर, राईटची तीन अक्षरं आहेत, हिटचं एक. एवढ्यावर मजेत सामना निघतो. ज्यांना जपानी नकोच आहे त्यांनी जपानच्या बेसबॉल संघटनेच्या, म्हणजे एनपीबीच्या, संकेतस्थळावरची इंग्रजी पानं बघावीत. तिथे वेळापत्रक, निकाल आणि आकडे व्यवस्थित मिळतात. पण झोनमधले ठिपके हवे असतील तर स्पोर्ट्स नॅव्हीच.

नवख्यांसाठी थोडक्यात: सेंट्रल आणि पॅसिफिक अशा दोन लीग, प्रत्येकी सहा संघ. मोसम संपला की प्रत्येक लीगमधले पहिले तीन संघ क्लायमॅक्स सिरीज खेळतात आणि त्यातले दोन विजेते जपान सिरीजमध्ये भिडतात. ही स्पर्धा १९५० पासून चालू आहे. जो आधी चार सामने जिंकेल तो विजेता. सातव्या सामन्यापर्यंत बारा इनिंगची मर्यादा असते, त्यामुळे बरोबरीही होऊ शकते. २०२२ मध्ये दुसरा सामना ३-३ असा सुटला होता.

आता मूळ मुद्दा. या धावफलकाची खरी ताकद मला दिसली ती एका बॅटरमुळे, फुकुओका सॉफ्टबँक हॉक्सचा युकी यानागिता.

२०२४ ला माझा संघ योकोहामा डीएनए बेस्टार्स. मोसमात ७१ विजय, ६९ पराभव, सेंट्रल लीगमध्ये तिसरा क्रमांक. समोर हॉक्स, ९१ विजयांचे. पहिले दोन सामने योकोहामात झाले आणि बेस्टार्सनं घरच्या मैदानावर दोन्ही घालवले. मग फुकुओकात जाऊन तीनच्या तीन जिंकले. अँथनी के आणि आंद्रे जॅक्सन यांनी लागोपाठ दोन सामन्यांत सात-सात इनिंग एकही धाव दिली नाही. त्या दोन दुपारी झोनच्या चौकोनाकडे बघत मी बिलांवर शिक्के मारत होते. धावा फारशा हलत नाहीत, बेसचे रंग उमटतात आणि विझतात, आणि हॉक्सच्या खात्यात शून्याला शून्य जोडत जातं. ज्यांना वाटतं की मजकुरात थरार नसतो, त्यांनी असा एक सामना वाचून बघावा.

सहावा सामना पावसामुळे एक दिवस पुढं गेला आणि ३ नोव्हेंबरला आला. त्या दिवशी भाऊबीज. मी जुळे सोलापुरात भावाकडे. दुपारी घरात सुतक असल्यासारखी शांतता, कारण वानखेडेवर न्यूझीलंडनं भारताला २५ धावांनी हरवून मालिका ३-० अशी नेली होती. भाऊ टीव्ही बंद करून आडवा झाला. ओवाळणं उरकलं, चिवड्याची ताटली घेतली आणि मी फोन उघडला. भाचा खांद्याशी येऊन उभा राहिला.

"आत्या, काय करलालीस? ह्यात चेंडू कुठंय?"

त्याला ठिपके दाखवले, दिवे दाखवले. पोरगं हुशार. तिसऱ्या इनिंगपर्यंत तोच मला सांगायला लागला, "पिवळे दोन झाले आत्या, आता मारलाच पाहिजे त्यानं." दुसऱ्या इनिंगमध्ये बेस्टार्सच्या योशितोमो त्सुत्सुगोनं होमरन मारला, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर. हा माणूस अमेरिकेत खेळून त्याच वर्षी आपल्या जुन्या संघात परत आला होता. चौथ्यात यानागितानं दोन धावांचा होमरन मारून हॉक्सचा दुष्काळ संपवला; सलग २९ इनिंग त्यांना एकही धाव मिळाली नव्हती. ४-२. माझ्या पोटात गोळा आला. आणि मग पाचवी इनिंग. लाल दिवे पेटायचं नावच घेत नव्हते. बेस भरले, धाव, पुन्हा भरले, त्सुत्सुगोच्या डबलवर (दुसऱ्या बेसपर्यंत नेणाऱ्या फटक्यावर) बेसवरचे तिघंही घरी, म्हणजे तीन धावा, एकूण सात धावा. भाच्यानं आतून भावाला ओढून आणलं, "बाबा, आत्याचा संघ जिंकलालाय!"

११-२. शेवटचा बॅटर यानागिता, समोर कोहेई मोरिहारा. तिसरा पिवळा कधी पडतो याकडे आम्ही तिघं डोळे लावून बसलो होतो, आणि यादीत उमटलं की बॅट फिरली, चेंडू हुकला. बेस्टार्स २६ वर्षांनी विजेते. मॅनेजर दाइसुके मिउरा १९९८ च्या विजेत्या संघात स्वतः पिचर होते, हे मला ठाऊक होतं, आणि तेव्हा डोळ्यांत पाणी आलं ते त्यामुळेच. मासायुकी कुवाहारा सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. कुवाहाराचं नाव भाच्याला अजून पाठ आहे.

पुढच्या वर्षी बेस्टार्स क्लायमॅक्स सिरीजमध्येच हानशिन टायगर्सकडून हरले. तरी सिरीजमध्ये मी टायगर्सच्या बाजूनं उभी राहिले, त्याचं कारण दाइची इशी. हा पिचर तंत्रनिकेतनात शिकलेला, मग जपानमधल्या कोचीच्या स्वतंत्र लीगमधल्या संघातून आलेला, ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, आठव्या फेरीत उचललेला. मीही पॉलिटेक्निकवाली, म्हणून आपुलकी वाटली. २०२५ च्या मोसमात त्यानं सलग ५० सामन्यांत एकही धाव दिली नाही. आकडा परत वाचा. आठवी इनिंग त्याच्या हातात गेली की सामना संपला असंच धरायचं.

३० ऑक्टोबर, पाचवा सामना, कोशिएन. १९२४ सालचं हे मैदान म्हणजे जपानी बेसबॉलचं पंढरपूरच. हॉक्स ३-१ नं पुढं, म्हणजे टायगर्सना जिंकावंच लागणार. आणि नेमकं त्याच दुपारी तीनला नवी मुंबईत महिला विश्वचषकाची उपांत्य फेरी, भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया. पॅकिंगच्या बायकांनी टॉवेलच्या थप्पीला टेकवून फोन लावला होता, तिकडून ऑस्ट्रेलियाच्या चौकारांवर हळहळ ऐकू येत होती. माझ्या टेबलावर टायगर्स २-० नं पुढं होते. कामावरून सुटायच्या सुमाराला आठवी इनिंग लागली. इशी आला. बेसवर एक खेळाडू आणि बॅटिंगला पुन्हा यानागिता.

या पानाची एक सवय वापरून वापरून कळते. नवी ओळ यायला उशीर झाला की समजायचं, मैदानात काहीतरी मोठं घडलंय. पिचर बदलला असेल, कोच माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) आला असेल किंवा चेंडू अजून हवेत असेल. त्या संध्याकाळी ओळ थांबली. मी गेटपास हातात धरून उभी. मग वरचा आकडा बदलला, २-२. दोन धावांचा होमरन. ज्या यानागितावर आदल्या वर्षीची सिरीज संपली होती, त्यानंच या वर्षीची फिरवली. पन्नास सामन्यांत ज्याच्या खात्यावर धाव नव्हती, त्याच्या नावापुढं ती पडलेली बघवत नव्हती. अकराव्या इनिंगमध्ये इसामी नोमुराचा होमरन, ३-२, हॉक्स विजेते. तोवर मी रिक्षात होते. रात्री जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ धावांनी भारत अंतिम फेरीत गेला आणि गल्लीत फटाके वाजले. मीही नाचले. पण इशीचं वाईट वाटायचं ते वाटलंच.

उणीव काय? आवाज नाही. जपानी प्रेक्षकांची प्रत्येक बॅटरसाठी वेगळी गाणी असतात, ट्रम्पेट आणि ढोल अखंड चालू असतात, खेळाडूचं नाव छापलेला टॉवेल दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून लोक उभे राहतात. टॉवेलच्या धंद्यात पोट भरणाऱ्या बाईला ते बघायची किती इच्छा असेल! हे काहीच पानावर येत नाही. फिल्डिंगही दिसत नाही. सेंटरला झेल गेला एवढं कळतं. तो उभ्या-उभ्या घेतला की सूर मारून, ते कळत नाही. आणि वेगवेगळ्या प्रकारच्या चेंडूंची चिन्हं फोनच्या पडद्यावर बारीक पडतात, चाळिशी लागलेल्यांनी चष्मा जवळ ठेवावा. या सगळ्यासाठी अर्धा तारा कापते. पाचपैकी साडेचार.

सिरीज साधारण ऑक्टोबरच्या शेवटच्या पंधरवड्यात शनिवारी सुरू होते. तोपर्यंत हात बसवायचा असेल तर मार्चच्या अखेरीपासून मोसमाचे सामने जवळजवळ रोज असतात, सोमवारी बहुतेक सुट्टी. संध्याकाळचे सामने आपल्याकडे दुपारी अडीचच्या आसपास लागतात. सुरुवातीला एकच संघ धरा आणि त्याचा पिचर कोण ते बघून ठेवा. संघापेक्षा पिचरच्या मागे गेलात तर पान लवकर वाचता येईल. ज्यांना आजच सुरुवात करायची आहे त्यांनी एनपीबीच्या संकेतस्थळावर ३ नोव्हेंबर २०२४ चा सामना काढावा आणि थेट पाचव्या इनिंगवर जावं. बेस्टार्सच्या एकेका बॅटरची ओळ सावकाश वाचा, सात धावा होईपर्यंत.